उत्तर कोणी दिलं

प्र. १३. गेल्या दोन निवडणुकांत तुम्ही मत बदललंत का?

ध्वनिमुद्रण क्रमांक दोनशे सदतीस. कोटरा सुल्तानाबाद, दुसरा मजला. मागे कुकरची शिट्टी. मग:

बाईचा आवाज : हो, आम्ही बदललं. घरातल्या सगळ्यांनीच. बाबांनीसुद्धा.

म्हाताऱ्या माणसाचा आवाज : तसं नाही, मी—

बाईचा आवाज : लिहा तुम्ही. बदललं.

विचारणारीचा आवाज : आजोबा?

(काही ऐकू येत नाही. बहुधा मान हलवली असावी.)

विचारणारीचा आवाज : बरं. प्रश्न चौदा.

विनितानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तो बाईचा आवाज तिचा स्वतःचा होता.

प्र. ०. (हा आधी विचारायला हवा होता.) घरात कोण कोण आहे?

विनिता, वय एकोणपन्नास. शिवाजी नगरातल्या एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर 'मध्यभूमी' नावाची छोटीशी संस्था आहे. सरकारनं काय करावं, पक्षांनी काय वचनं द्यावीत यावर ही संस्था अभ्यास करते, अहवाल काढते आणि ते वाचले जावेत म्हणून धडपडते. विनिता तिथं बारा वर्षं होती. बारा वर्षांत अकरा अहवाल झाले आणि प्रत्येकात तिचं नाव आभारांच्या यादीत, चहावाल्याच्या वर दोन ओळी. या बाराव्या अहवालावर मात्र पहिलं नाव तिचं येणार होतं. शुक्रवारी प्रकाशन होतं आणि आज सोमवार होता.

सदाशिव, तिचे वडील, वय शहाऐंशी. राज्य बदललं आणि नागपूरची कचेरी भोपाळला हलली, तेव्हा आपल्या वडिलांच्या मागून ट्रंका मोजत ते सतराव्या वर्षी इथं आले. पुढं विधानसभेत प्रतिवेदक झाले. म्हणजे सभागृहात जो जे बोलेल ते लघुलिपीत जसंच्या तसं उतरवून घेणारा माणूस. बायको गेल्यावर ते सात वर्षं विनिताकडे होते. मुलीच्या घरी राहतो याचा त्यांना संकोच असावा, कारण पहिली दोन वर्षं ते पाणीसुद्धा मागून प्यायचे.

प्रसाद, विनिताचा नवरा, जबलपूरला नोकरीला. महिन्यातून दोनदा येतो. या गोष्टीत त्याचं काम एवढंच.

कांचन, वय चौतीस, बाग सेवनियात राहणारी. घरोघरी जाऊन प्रश्नावली भरून आणायचं काम तिचं. मुद्रणातली विचारणारी तीच.

वाक्य, सहावा मसुदा

*मुलांकडे राहणारे वृद्ध मुलांसोबत मत बदलतात.*

अभ्यास होता घरातल्या म्हाताऱ्यांच्या देखभालीचा आणि राजकारणाचा. ज्याच्या हातून जेवण मिळतं, औषध मिळतं, त्याच्या मताप्रमाणे म्हातारा माणूस आपलं मत फिरवतो का? शहरातल्या तीन वस्त्या घेतल्या. चारशे बारा वृद्ध. उत्तर आलं ते लख्ख होतं. ज्या घरांनी पक्ष बदलला, त्या घरांत मुलांकडे राहणाऱ्या शंभरातल्या ऐंशी वृद्धांनीही बदलला होता. एकटे राहणारे मात्र जागचे हलले नव्हते.

संस्थेचे संचालक शैलेंद्र यांनी हे वाक्य पाहिलं आणि खुर्चीतून उठून खिडकीपर्यंत जाऊन आले. "विनिताजी, हे वाक्य पेपरात पहिल्या पानावर बसतं," ते म्हणाले. शैलेंद्र इंदूरचे मराठी. एरवी हिंदीच बोलत. फार आनंद झाला किंवा फार राग आला तरच त्यांचं मराठी बाहेर पडायचं.

वाक्य छापून यायच्या आधीच फिरायला लागलं. एका पक्षाच्या जाहीरनामा समितीतल्या माणसाचा फोन आला. तो हसून म्हणाला, "म्हणजे मुलगा आपला झाला की बाप सोबत येतोच. मग बुजुर्गांसाठी वेगळं कशाला काही मांडायचं?" त्यानंतर अहवालातलं नववं प्रकरण परिशिष्टात गेलं. वॉर्डावॉर्डात ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र असावं, दुपारी कुणीतरी सोबत असावं, हे त्या प्रकरणात होतं. विनितानं ते स्वतः लिहिलं होतं आणि स्वतःच मागं हलवलं होतं.

रकाना ४. उत्तर कोणी दिलं? (१ – स्वतः, २ – दुसऱ्याने)

आता चूक सांगायला हवी, कारण ती कांचनची नव्हती.

मार्चमध्ये प्रशिक्षण झालं तेव्हा कांचननं हात वर केला होता. "ताई, मी विचारते आजोबांना आणि बोलतो मुलगा. मग रकान्यात काय टाकू? एक का दोन?"

विनिता म्हणाली होती, "आपल्याकडे बापाच्या वतीनं मुलानंच बोलायची रीत आहे. बाप समोर बसला असेल आणि त्यानं मान हलवली, तर एक टाक. त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं तर त्यांचाच अपमान होतो."

सगळ्यांना पटलं होतं. सगळ्यांच्याच घरात तसंच चालत होतं.

आणि कर्मचाऱ्यांची घरं अभ्यासात घ्यायची नाहीत, हाही नियमच. पण मोजणीत दर नववं घर घेता घेता कांचन विनिताच्याच दारात येऊन उभी राहिली, मे महिन्याचं ऊन डोक्यावर घेऊन. विनितानं तिला पन्हं दिलं आणि म्हणाली, "आता कुठं परत फिरतेस? हेच घे." म्हणून दोनशे सदतीस.

शेवटची तपासणी म्हणून काही मुद्रणं ऐकायची असतात. संगणकानं डोळे मिटून एकवीस उचलली होती. पाणी पिऊन विनितानं दार लोटलं आणि उरलेली वीस ऐकायला बसली.

क्र. ४४, बाग सेवनिया. सूनबाई बोलते. टीव्ही चालू. म्हातारी एकदा म्हणते, "मुझे तो—" आणि सूनबाई म्हणते, "अम्मा को कुछ समझता नहीं, आप लिखो."

क्र. १०९, शिवाजी नगर. मुलगा बोलतो. वडील खोकतात. प्रत्येक वेळी खोकला संपेपर्यंत उत्तर देऊन झालेलं असतं.

क्र. १८०, बाग सेवनिया. मुलगा पस्तीसच्या पस्तीस प्रश्नांची उत्तरं देतो, मन लावून, जीव ओतून. शेवटी म्हातारीचा आवाज येतो, कांचनला उद्देशून, एकच वाक्य, पण पूर्ण: "बेटा, पानी पियोगी?"

क्र. २९६. क्र. ३०३. क्र. ३५१.

साडेपाचपर्यंत वीस झाली. त्यातले पाच वृद्ध एकटे राहणारे. ते घडाघडा बोलले होते, थांबवता थांबत नव्हते. मुलांकडे राहणाऱ्या पंधरांपैकी तेराजणांनी उत्तर द्यायला सुरुवात केली होती आणि एकानंही ते संपवलं नव्हतं. रकाना चारमध्ये सगळ्यांच्या पुढं एक.

प्र. ९. वॉर्डात विरंगुळा केंद्र झालं तर तुम्ही जाल का?

"बाबा, हे जरा ऐका."

सदाशिव गॅलरीत बसले होते. विनितानं फोन त्यांच्या कानाशी धरला. नियमाप्रमाणे मुद्रण घरी आणायचं नसतं. पण या घराच्या बाबतीत नियम आधीच मोडून झाला होता.

*विनिता : नाही हो, बाबांना असलं कुठं बाहेर जाऊन बसणं आवडत नाही.*

*सदाशिव : मला तर—*

*विनिता : त्यांची खोली, त्यांचा रेडिओ. बास.*

सदाशिवांनी बोटानं खूण केली. पुन्हा लाव. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं तेव्हा त्यांच्या हातात कॅलेंडरचं जुनं पान आणि पेन्सिल होती. कागदावर बारीक वेलबुट्टी उमटायला लागली. विनिता लहान असताना तिला वाटायचं की बाबा कचेरीत दिवसभर मुंग्या काढतात.

त्यांनी लिहून झाल्यावर चष्मा वर केला. "वाचून दाखवू?"

"दाखवा."

"श्रीमती विनिता, नाही हो, बाबांना वगैरे वगैरे. श्री सदाशिव, मला तर. मग कंसात व्यवधान, म्हणजे मध्ये कुणी बोललं. श्रीमती विनिता, त्यांची खोली." पेन्सिल त्यांनी कानामागं खोचली. "सभागृहात आम्ही बोलणाऱ्याचं नाव आधी लिहायचो, विनू. मग त्याचं बोलणं. एकाचं भाषण दुसऱ्याच्या नावावर चढवलं असतं तर अध्यक्षांनी दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं."

"माझी चूक झाली, बाबा."

"चूक कसली. तू छान बोललीस. मुद्देसूद." ते हसत नव्हते. "फक्त ते माझ्या नावावर आहे."

विनिता त्यांच्यासमोर वेताच्या मोड्यावर बसली. खाली भाजीवाल्याचा ठेला उभा होता आणि तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी त्याच्याशी मेथीवरून हुज्जत घालत होतं.

"तुम्ही काय म्हणणार होता?"

"कुठं?"

"इथं. 'मला तर' याच्या पुढं."

"ते आता मे महिन्यातलं झालं."

"आणि मताचं? 'तसं नाही, मी' म्हणालात. म्हणजे तुम्ही बदललं नाहीत?"

सदाशिवांनी कॅलेंडरचं पान घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "छत्तीस वर्षं त्या सभागृहात बसलो. दोन्ही बाजूंच्या मधोमध, खालच्या टेबलावर. पाच-पाच मिनिटांची पाळी. डावीकडचा चांगलं बोलला तरी मान हलवायची नाही, उजवीकडचा खोटं बोलला तरी हसायचं नाही. मी कुणाला मत देतो ते तुझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. फार प्रयत्न केले बिचारीनं. एकदा लाडूंचं आमिष दाखवलं."

"मग मी तुमचं मत सांगितलं ते..."

"तू लाडू न देता सांगितलंस."

विनिताला हसू आलं. सात वर्षं ती हे घर सांभाळत होती. बाबांना कोणती डाळ बाधते, कोणत्या कुशीवर झोप लागते, कोणत्या बातमीनंतर रक्तदाब चढतो, सगळं तिला ठाऊक होतं. कुणी विचारलं असतं तर तिनं झोपेतही सांगितलं असतं. तसं तिनं सांगितलंही होतं.

"मला सांगा ना आता. मी काही लिहून घेत नाही."

"तुला नाही सांगणार," सदाशिव म्हणाले. आवाजात राग नव्हता, कचेरीतला माणूस खिडकीतून सांगतो तसं सांगितलं. "तुला सांगितलं की तू लगेच त्याची सोय करशील. मी जातो म्हणालो तर रिक्षा ठरवशील, नाही जात म्हणालो तर नवा रेडिओ आणशील. मला आधी नुसतं बोलायचंय."

वाक्य, सातवा मसुदा

*मुलांकडे राहणाऱ्या वृद्धांचं मत आम्हाला माहीत नाही.*

मंगळवारी सकाळी तिनं हा कागद शैलेंद्रांच्या पुढं ठेवला.

"ये क्या है?"

"तेच वाक्य. दुरुस्त केलेलं."

शैलेंद्रांनी वाचलं. एकदा हिंदीत उसासा टाकला आणि मराठीत सुरू झाले. "अहो, काय चेष्टा लावलीय? पाहुणे ठरले, हॉल ठरला, अहवाल छापायला गेला! माहीत नाही म्हणायला कुणी प्रकाशन करतं का?"

"उत्तरं वृद्धांची नाहीत, शैलेंद्रजी. मुलांची आहेत. मुलांचं मत मुलांसारखंच निघालं, यात शोध कसला?"

"मान हलवली ना त्यांनी? मान हलवणं म्हणजे होकार."

कांचन दाराशी उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. फायली घेऊन आली होती आणि फायली घेऊनच थांबली होती. ती म्हणाली, "सर, माझ्या सासूबाई भजनावरपण मान हलवतात आणि मी शिव्या घातल्या तरी हलवतात. मशीन कानात घातलेलं नसलं की त्यांना तेवढंच जमतं."

"तुम्ही शिव्या घालता?"

"मनातल्या मनात, सर."

शैलेंद्रांना हसायचं नव्हतं. ते खिडकीशी गेले, परत आले, खुर्चीत बसले. बसल्यावर त्यांचा आवाज उतरला. "एक बोलू का? हे तुम्ही मला सांगितलं नसतं तर कुणालाच कळलं नसतं. कुणी मुद्रणं ऐकत नाही."

"मी ऐकली ना."

"रकाना चारचा नियम कुणाचा होता?"

"माझा."

"मग ते लिहावं लागेल. प्रस्तावनेत. प्रशिक्षण देणाऱ्याच्या नावासकट. आणि अशा अहवालावर पहिलं नाव..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. ते कसं संपणार हे विनिताला कळत होतं. कराराचं नूतनीकरण मार्चमध्ये होतं, तेही तिला ठाऊक होतं. तरी समोरच्या माणसानं वाक्य पुरं करावं म्हणून ती थांबून राहिली. शैलेंद्रांना ते जड गेलं.

"...पहिलं नाव तुमचं नसेल," ते शेवटी म्हणाले. "कबूल आहे?"

"कबूल. पण नववं प्रकरण परिशिष्टातून परत आत घ्यायचं."

"त्याला आता आधार काय?"

"बाहेर काढायला तरी काय होता? दीड महिना द्या. मी आणि कांचन पुन्हा जातो. ज्यांची माणसं मध्ये बोलली, फक्त त्यांच्याकडे."

शैलेंद्रांनी कॅलेंडर पाहिलं आणि हिंदीत परतले. "चालीस दिन. एक भी ज़्यादा नहीं."

सूचना (नवी). मुलाखतीच्या वेळी घरातल्या इतर व्यक्तींनी खोलीबाहेर थांबावं.

लिहायला सोपी सूचना होती. शिवाजी नगरात एका सूनबाईनं दार अर्धंच उघडलं. "बाहेर म्हणजे? आम्ही काय त्यांना उपाशी ठेवतो का? विचारा ना माझ्यासमोर!" बाग सेवनियात एक मुलगा मुकाट्यानं बाहेर गेला आणि खिडकीशी उभा राहून आतल्या प्रश्नांची उत्तरं खुणांनी द्यायला लागला. एका घरी सगळे खरोखर बाहेर गेले आणि आतले आजोबा घाबरले. "मी काय केलं?" त्यांनी विचारलं.

काही म्हातारे मुलासारखंच बोलले, शब्दाला शब्द. काही अगदी उलट. एक बाई म्हणाल्या की गेल्या वेळी त्यांनी मतच दिलं नाही. बोटाला शाई लावून घेतली आणि आत यंत्रापुढं नुसत्या उभ्या राहिल्या, कारण तेवढा वेळ कुणी घाई करत नव्हतं. हे कोणत्या रकान्यात टाकायचं, ते कांचनला कळेना. विनितालाही कळलं नाही. कागदाच्या मागं लिहून ठेव, ती म्हणाली.

विरंगुळा केंद्राचंही एका बाजूनं काही निघेना. आकड्यांतून लख्ख काही दिसत नव्हतं. विनिता रोज संध्याकाळी आकडे मांडायची आणि रोज ते थोडे सरकायचे.

क्र. २३७

"ताई, तुमचं घर आता यादीतून कट करायचं," कांचन म्हणाली. "नियमाप्रमाणे ते मुळात नव्हतंच."

विनितानं तसं घरी सांगितलं. सदाशिवांनी जेवता जेवता हात थांबवला.

"असं कसं? सभागृहात सदस्याला आपलं भाषण दुसऱ्या दिवशी तपासून घ्यायचा हक्क असतो. माझं चुकीचं नोंदलंय."

"पण बाबा, ते धरलं जाणार नाही. मोजणीत येणार नाही."

"मोजू नका. लिहून घ्या."

म्हणून रविवारी दुपारी तीन वाजता कांचन आली. सुट्टीचा दिवस होता, जादा पैसे मागायचीही सोय नव्हती, तरी आली. सदाशिवांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. कांचननं बॅग ठेवली, फोनवर मुद्रण सुरू केलं आणि विनिताकडे पाहिलं. विनिता उशी सारखी करत होती.

"ताई," कांचन म्हणाली, "सूचना."

"हो हो. जाते. पाणी इथं ठेवलंय. त्यांना जरा मोठ्यानं विचार, उजव्या कानानं—"

"विनू," सदाशिव म्हणाले.

ती बाहेर पडली. दार तिच्या मागं लागलं आणि कडीही लागली. आपल्याच घराची कडी बाहेरून ऐकण्याची ही तिची पहिलीच वेळ.

जिन्याच्या पायरीवर ती बसली. फोन घरात राहिला होता. समोरच्या फ्लॅटमधल्या सुहासिनीताई कचऱ्याची बादली घेऊन आल्या आणि थबकल्या. "अगं, बाहेर का? भांडण झालं का बाबांशी?"

"नाही. बाबा बोलतायत."

"कुणाशी?"

"कांचनशी. आमच्या कचेरीतली."

"मग तू का नाही आत?"

विनिता पायरीवर जरा बाजूला सरकली. "मी असले की मीच बोलते," ती म्हणाली.

"मग त्यात काय? आमच्याकडे मी बोलते म्हणून तर घर चालतं," असं म्हणून सुहासिनीताई खाली गेल्या, वर आल्या, दार लावून घेतलं.

मनगटावरच्या घड्याळात चार वाजले. चार वाजता बाबांच्या डाव्या डोळ्यात थेंब घालायचे असतात. ऑपरेशनला अजून महिना झाला नव्हता. डॉक्टरांनी वेळ चुकवू नका म्हणून बजावलं होतं. विनिता उठली, दारापर्यंत गेली, बोट बेलच्या बटणावर टेकवलं.

आतून आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण आवाज बाबांचा होता. वर चढला, खाली आला, एका ठिकाणी थांबला. श्वास घेण्यापुरता थांबला आणि त्या थांबण्यात कुणी बोललं नाही. मग पुन्हा सुरू झाला. मध्येच कांचन हसली. बाबा हसले नाहीत. विनोद सांगताना ते कधीच हसत नसत. तिच्याबद्दल काही सांगत असावेत, असं तिला वाटलं. काय, ते तिला कधी कळणार नव्हतं. क्रमांक दोनशे सदतीसचं मुद्रण दुसरंच कुणीतरी ऐकेल, हे तिनं स्वतः लिहून दिलं होतं.

चार वाजून दहा मिनिटं. थेंब पंधरा मिनिटं उशिरा घातले तर काय होतं? अर्धा तास उशिरा घातले तर? डॉक्टरांना हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं, आणि बाबांनाही डोळा कधी चुरचुरायला लागतो ते कधी विचारलं नव्हतं.

तिनं बटणावरचं बोट काढलं. आवाज होऊ नये म्हणून चप्पल हातात घेतली आणि दोन पायऱ्या उतरून परत बसली.